‘एम्’ : एका खुन्याचा बोलपट आणि घरची मंडळी

कोणताहि नवा चित्रपट गांवांत लागला कीं घरोघर एक प्रश्न विचारला जातो : हा मुलाबाळांसह पाहण्यासारखा आहे काय? प्रश्न साधा दिसतो, आणि त्याचें उत्तरहि बहुधा साध्याच मापानें दिलें जातें. रक्त किती सांडलें, सुरा कितीदां उगारला, प्रेत पडद्यावर किती वेळ राहिलें, याची मोजदाद करून ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाहीं’ असा निकाल होतो. हें माप कितपत खरें आहे, हें पाहण्यासाठीं आम्ही आज एका जुन्या बोलपटाचा इतिहास वाचकांपुढें मांडीत आहों. या बोलपटांत अनेक मुलांचे खून होतात; परंतु त्यांतील एकहि खून पडद्यावर दिसत नाहीं, आणि रक्ताचा एक थेंबहि दृष्टीस पडत नाहीं. तरीहि तो मुलांस दाखवावा कीं काय, असें कोणीं विचारलें तर चटकन् ‘होय’ म्हणवणार नाहीं.

हा बोलपट म्हणजे फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘एम्’. ता. ११ मे १९३१ रोजीं बर्लिनमधील ‘उफा-पालास्ट आम त्सो’ या चित्रपटगृहांत तो प्रथम दाखविण्यांत आला. लहान मुलांस खाऊ व खेळणीं देऊन फुसलावून नेणारा आणि ठार मारणारा एक मनुष्य, व त्याच्या शोधांत पिसाळलेलें एक शहर, एवढाच त्याचा विषय. पुढें एकामागून एक खून करणाऱ्या माणसांवर जे शेंकडों चित्रपट निघाले, त्यांच्या वंशावळींत याला मूळपुरुषाचा मान देण्याचा प्रघात आहे. हिचकॉकचा ‘द लॉजर’ हा मूकपट १९२७ चा, म्हणजे याच्याहि आधींचा. पण ‘एम्’चा दरारा कांहीं वेगळाच.

लांगनें हा विषय हवेंतून काढला नव्हता. पहिल्या महायुद्धांत पराभूत झालेल्या जर्मनींत असल्या गुन्ह्यांची जणूं सांथच आली होती. हानोव्हरचा फ्रिट्झ हारमान हा चोवीस खुनांबद्दल दोषी ठरून १९२५ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९२९ मध्यें, ड्यूसेलडोर्फ शहरांत पेटर क्यूर्टेन यानें कहर मांडला. त्याच्या हातून मेलेल्यांत स्त्रिया होत्या तशीं लहान मुलेंहि होतीं. हा मनुष्य आपल्या कृत्यांसंबंधीं पत्रें लिहून धाडीत असे. लांगच्या बोलपटांतील खुनी हान्स बेकर्ट हाहि वृत्तपत्राला पत्र लिहितो. बर्लिनच्या खून-शोधखात्याचा प्रमुख एर्न्स्ट गेन्नाट यानें १९३० सालीं क्यूर्टेनच्या प्रकरणावर लिहितांना ‘मालिका-खुनी’ या अर्थाचा शब्द योजला. आज तो शब्द जगांतील बहुतेक भाषांत रुळला आहे. बोलपटांतील लठ्ठ व चाणाक्ष इन्स्पेक्टर लोमान हा या गेन्नाटवरूनच बेतलेला आहे. क्यूर्टेन १९३० च्या मे महिन्यांत पकडला गेला, ता. २२ एप्रिल १९३१ रोजीं त्याला नऊ वेळां देहान्ताची शिक्षा सुनावण्यांत आली; पांच दिवसांनीं, ता. २७ एप्रिलला, ‘एम्’ परीक्षक मंडळापुढें गेला, आणि ता. २ जुलैला कोलोन येथें क्यूर्टेनचें मस्तक उडविण्यांत आलें. म्हणजे हा बोलपट प्रथम लोकांपुढें आला तेव्हां खरा खुनी तुरुंगांत जिवंत होता, आणि बोलपट पाहणारे आईबाप त्याचें नांव रोज सकाळीं वर्तमानपत्रांत वाचीत होते.

आतां त्या पहिल्या प्रसंगाकडे वळूं. बर्लिनमधील एका चाळवजा इमारतीच्या अंगणांत मुलें रिंगण करून खेळत आहेत. एक मुलगी मध्यें उभी राहून गाणें म्हणते, आणि ज्याच्यावर शेवटचा शब्द येईल तो बाद होतो. गाणें आहे खुन्याचें! कोयता घेऊन येणाऱ्या काळ्या माणसाचें. धुणें घेऊन जाणारी एक बाई मुलांवर डाफरते, कीं हें अभद्र गाणें पुनः म्हणूं नका. तिची शेजारीण, फ्राउ बेकमान, म्हणते कीं गाऊं द्या कीं. आवाज ऐकूं येतो तोंवर मुलें जागेवर आहेत एवढें तरी कळतें. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. मुलांना भयंकर गोष्टींपासून दूर ठेवावें म्हणून आपण धडपडतों, आणि मुलें तीच गोष्ट रस्त्यावर ऐकून तिचा खेळ करून बसलेलीं असतात. हारमानवर असलें गाणें त्या काळीं जर्मनींत खरोखरीच मुलांच्या तोंडीं होतें. लांगनें त्यांतलें नांव तेवढें काढून टाकलें.

फ्राउ बेकमान लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. बारा वाजतात, भिंतीवरचें घड्याळ कुकू करून ओरडतें. तिच्या चेहऱ्यावर हंसूं येतें, कारण तिची एल्सी आतां शाळेंतून येईल. ती टेबलावर ताटली मांडते. इकडे एल्सी चेंडू आपटीत रस्त्यानें चालली आहे. खुन्याला पकडून देणारास दहा हजार मार्कांचें बक्षीस जाहीर करणाऱ्या भित्तिपत्रकावरच ती चेंडू मारीत राहते, आणि त्या पत्रकावर एका टोपीवाल्या माणसाची सावली पडते. चेंडू फार सुंदर आहे, तुझें नांव काय, असें तो गोड आवाजांत विचारतो. मग एका आंधळ्या भिकाऱ्याकडून तो तिला फुगा घेऊन देतो व शीळ घालीत चालूं लागतो. ही शीळ ग्रीगच्या ‘पेर ग्युंट’मधील एका सुरावटीची आहे. खुन्याची भूमिका करणाऱ्या पेटर लॉरेला शीळ घालतां येत नसे, म्हणून लांगनें स्वतःच ती घातली.

घरीं घड्याळ पुढें सरकतें. जिन्यावर पावलें वाजतात; दुसरींच मुलें. दाराची घंटा वाजते. पण आलेला असतो खळबळजनक कादंबरीचा नवा हप्ता घरपोंच देणारा इसम. ही कष्टाळू, गरीब आई स्वतः थरारक कथांची वर्गणीदार आहे, हा बारकावा आम्हांस फार मार्मिक वाटतो. ती खिडकींतून हांक मारते, जिन्यांत हांक मारते. त्या हांकेबरोबर पडद्यावर काय दिसतें? रिकामा जिना. रिकामा माळा आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. टेबलावरची रिकामी ताटली. मग झुडुपांतून घरंगळत आलेला चेंडू, आणि तारायंत्राच्या तारांत अडकून फडफडणारा फुगा. बस्स; याउपर कांहीं नाहीं. लांग पुढें म्हणत असे कीं, मी खून दाखविला असता तर तो एकाच प्रकारचा झाला असता. न दाखविल्यामुळें प्रत्येक प्रेक्षकानें आपल्या मनांतला सर्वांत भयंकर खून पाहिला. या वाक्यांत थोडी फुशारकी आहे, पण असत्य नाहीं.

रक्त मोजणाऱ्या मापाची येथें फजीति होते. तें माप या प्रसंगास लावलें तर तो अगदीं निष्पाप ठरेल. एक फुगा, एक चेंडू आणि एक ताटली! तत्कालीन जर्मन कायदा या बाबतींत अधिक शहाणा होता, असें म्हणणें आम्हांस भाग आहे. १९२० च्या चित्रपटविषयक कायद्यानें सहा वर्षांखालील मुलांस चित्रपटगृहांत मुळींच मज्जाव केला होता, आणि अठरा वर्षांखालील मुलांस केवळ त्यांच्यासाठीं म्हणून मंजूर झालेले चित्रपटच पाहतां येत. मंजुरी नाकारण्याचीं जीं कारणें कायद्यांत दिलीं होतीं, त्यांत मुलांच्या नीतीला, बुद्धीला वा प्रकृतीला होणाऱ्या अपायाबरोबरच, त्यांच्या कल्पनाशक्तीला फाजील चेतना मिळण्याची भीति हेंहि एक कारण होतें. ‘एम्’ची सारी शक्ति प्रेक्षकाच्या कल्पनेला चेतविण्यांतच आहे. मंडळानें तो मोठ्यांसाठीं मंजूर केला आणि अठरा वर्षांखालील मुलांस निषिद्ध ठरविला. कायद्याचे शब्द आणि कलाकृतीचा स्वभाव इतके तंतोतंत जुळल्याचें उदाहरण विरळाच.

आज हीच गोष्ट उलट झाली आहे. इंग्लंडांतील वर्गीकरण मंडळानें या बोलपटास ‘पालकांच्या मार्गदर्शनानें’ पाहण्याजोगा हा सौम्य वर्ग दिला आहे. म्हणजे आईबापांची हरकत नसेल तर शाळकरी मुलालाहि तो पाहतां येईल. नव्वद वर्षांत पडद्यावर इतकें रक्त वाहून गेलें आहे कीं ‘एम्’ त्यापुढें सोंवळा दिसूं लागला. आपल्याकडे १९८३ पासून ‘यूए’ हा मधला वर्ग आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनें त्याचे सात, तेरा व सोळा वर्षांवरील असे तीन पोटवर्ग झाले आहेत. व्यवस्था वाईट नाहीं. पण रिकाम्या ताटलीला कोणत्या पोटवर्गांत बसवावें, हें कोणता नियम सांगणार?

याच संदर्भांत एक योगायोग सांगण्याजोगा आहे. एल्सीची भूमिका करणारी मुलगी इंगे लांडगुट हीच त्याच वर्षीं, १९३१ च्या डिसेंबरांत प्रदर्शित झालेल्या ‘एमिल उंड डी डेटेक्टिव्हे’ या बोलपटांत पोनी ह्यूट्खेन या धीट मुलीच्या भूमिकेंत दिसली. एरिख केस्टनरच्या मुलांसाठीं लिहिलेल्या कादंबरीवरचा हा चित्र, आणि तो मुलांना अत्यंत प्रिय झाला. त्यांतहि बर्लिन शहर आहे, टोपीवाला अनोळखी गृहस्थ आहे, आणि त्यानें आगगाडींत एकट्या मुलाला दिलेली गुंगीची मिठाईहि आहे! पण एमिल जागा होतो, चोराचा माग काढतो, आणि रस्त्यावरच्या पोरांची फौज त्या चोराला घेरून टाकते. दोन्ही चित्रांचें बीज एकच : परक्या माणसानें दिलेला खाऊ. एकांत मुलाला कांहीं करतां येतें, दुसऱ्यांत येत नाहीं. मुलांसाठीं कोणतें चित्र योग्य हें ठरवितांना भीति आहे कीं नाहीं हें पाहण्यापेक्षां, त्या भीतीपुढें मुलाच्या हातीं कांहीं ठेवलें आहे कीं नाहीं हें पाहावें, असें आमचें मत या दोन चित्रांवरून बनलें आहे. एमिलच्या हातीं मित्र आणि हुशारी आहे. एल्सीच्या हातीं चेंडू होता; तोहि सुटला.

येथें थोडें विषयांतर केल्यावांचून राहवत नाहीं. ‘एम्’ची कथा लांगनें एकट्यानें लिहिली नव्हती, त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू ही तिची सहलेखिका होती. हीच बाई पुढें बेळगांवजवळच्या बेळगुंदीचे आयी गणपत तेंडुलकर या बर्लिनवासी मराठी तरुणाच्या प्रेमांत पडली, आणि १९३३ सालीं लांगपासून तिचा काडीमोड झाला. तेंडुलकरांच्या कन्येनें त्या काळाचा वृत्तांत २०१३ सालीं इंग्रजी ग्रंथांत प्रसिद्ध केला आहे. लांग जर्मनी सोडून गेला. हार्बू मात्र नाझी राजवटींतहि तेथेंच राहून चित्रपटकथा लिहीत राहिली. फ्राउ बेकमानच्या स्वयंपाकघरांतील बायकी बारकावे कोणाच्या लेखणींतून उतरले, याचा तर्क वाचकांनींच करावा.

पहिल्या प्रसंगावरच थांबून बोलपट बंद करणारा प्रेक्षक त्यांतील अर्ध्याहून अधिक गोष्टीला मुकेल. एल्सीच्या मृत्यूची बातमी पसरतांच शहर पिसाळतें. क्लबांत एकत्र बसणारे जुने मित्र एकमेकांवर संशय घेऊं लागतात. एका लहान मुलीला वेळ सांगणाऱ्या म्हाताऱ्याला एक धिप्पाड इसम हटकतो, आणि बघतां बघतां त्या बिचाऱ्याभोंवतीं जमाव जमतो. पोलिसांनीं एका पाकीटमाराला पकडलें तर लोक ओरडतात कीं हाच तो खुनी. हीं सर्व माणसें आपापल्या परीनें सज्जन आहेत. मुलांच्या काळजीनेंच त्यांचें माथें फिरलें आहे.

हें सारें परदेशांतलें व जुनें म्हणून सोडून देतां येत नाहीं. ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून जमावानें पांच जणांना मारून टाकलें. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गांवोगांव भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्यांपैकीं एकानें एका लहान मुलीशीं बोलण्याचा प्रयत्न केला, एवढेंच निमित्त झालें, असें त्या वेळीं वृत्तपत्रांत आलें होतें. ‘एम्’मधला म्हातारा निदान जीव घेऊन सुटतो. मुलांसाठीं असलेली भीति खऱ्या संरक्षणाला लागेल कीं भिक्षेकऱ्याच्या डोक्यांत दगड घालील, हा प्रश्न ज्या बोलपटांत इतक्या स्पष्टपणें मांडला आहे, तो घरांतल्या मोठ्या माणसांनीं तरी चुकवूं नये, असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें. फ्राउ बेकमानच्या वयाचें कोणी घरांत असेल तर त्यानें आधीं पाहावा.

उत्तरार्धाचें कथानक थोडक्यांत असें. पोलिसांच्या रोजच्या धाडींमुळें चोरांचा धंदा बसतो. म्हणून चोर, दरोडेखोर व भिकारी मिळून खुन्याला स्वतःच शोधायचें ठरवितात. शिळेवरून तो आंधळा भिकारी त्याला ओळखतो. एक तरुण तळहातावर खडूनें ‘एम्’ हें अक्षर काढून खुन्याच्या खांद्यावर थाप मारतो, आणि त्या खुणेवरून त्याचा पाठलाग होतो. ओस पडलेल्या एका दारूभट्टींत चोरांचें न्यायालय भरतें. तेथें पेटर लॉरेनें जें भाषण केलें आहे त्याला तोड नाहीं. घामानें भिजलेला, गुडघ्यांवर आलेला तो मनुष्य ओरडून सांगतो कीं, तुम्ही पोटासाठीं वा आळसानें गुन्हे करतां, तें सोडणें तुमच्या हातीं आहे. मला मात्र तें आंतून कोणी तरी करायला लावतें. कांहीं श्रोते माना डोलावतात. चोरांनींच नेमलेला वकील म्हणतो कीं, ज्याचा स्वतःवर ताबा नाहीं त्याला फांशी नव्हे, वैद्य हवा. त्यावर मेलेल्या मुलांच्या आयांच्या वतीनें एक स्त्री किंचाळते. दोन्ही बाजूंचें म्हणणें लांगनें पूर्ण ऐकवलें. निकाल मात्र सांगितला नाहीं.

त्यामुळें ज्यानें त्यानें आपापला निकाल त्यांतून काढला. प्रदर्शनानंतर दहाच दिवसांनीं योसेफ गोबेल्सनें हा बोलपट पाहून आपल्या रोजनिशींत आनंद नोंदविला, कीं हें चित्र भोंगळ भूतदयेच्या विरुद्ध व देहान्त शिक्षेच्या बाजूचें आहे, आणि हा दिग्दर्शक एक दिवस आपला होईल. त्याच गोबेल्सच्या राजवटीनें १९३४ सालीं त्यावर बंदी घातली. पुढें अमेरिकेंत जोसेफ लोझी यानें १९५१ मध्यें याच कथेवर नवा ‘एम्’ काढला. ओहायो संस्थानच्या परीक्षकांनीं तो अपायकारक म्हणून अडविला, आणि वाद थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत जाऊन १९५४ सालीं तेथें परीक्षकांची हार झाली. म्हणजे पाहणारा बदलला कीं अपायहि बदलतो.

राहतां राहिली मुलांची गोष्ट. साधारण तेराचवदा वर्षांच्या मुलामुलींस आईबापांनीं शेजारीं बसून हा बोलपट दाखविण्यास आमची हरकत नाहीं. मात्र पूर्ण दाखवावा, आणि नंतर त्या म्हाताऱ्याविषयीं दोन शब्द बोलावे. त्याहून लहानांसाठीं एमिल आहेच. बोलपटाच्या अखेरीस खऱ्या न्यायालयाचे न्यायाधीश आसनस्थ होतात, आणि काळ्या वस्त्रांतल्या तीन आया बांकावर बसलेल्या दिसतात. या निकालानें आमचीं मुलें परत येणार नाहींत, मुलांवर अधिक लक्ष ठेवायला हवें, असें फ्राउ बेकमान म्हणते आणि पडदा काळा होतो. तें बोलणें आईबापांस उद्देशून आहे, मुलांस नव्हे.

पेटर लॉरे हा ज्यू होता. १९३३ मध्यें तोहि जर्मनींतून निघून गेला. सात वर्षांनीं त्याचा चेहरा बर्लिनच्या पडद्यावर पुनः दिसला. नाझींनीं ज्यूद्वेष पसरविण्यासाठीं तयार केलेल्या ‘डेर एव्हिगे यूडे’ या चित्रपटांत दारूभट्टींतील त्या भाषणाचा तुकडा जोडण्यांत आला होता, आणि हा ज्यू नट खुन्याविषयीं सहानुभूति उत्पन्न करतो, असें त्यावर निवेदन होतें. त्याचा पहिला खेळ ता. २८ नोव्हेंबर १९४० रोजीं त्याच उफा-पालास्टमध्यें झाला. त्या दिवशीं तेथें दोन खेळ ठेवले होते : दुपारीं चारचा, स्त्रियांसाठीं व हळव्या मनाच्या माणसांसाठीं कांटछांट केलेला, आणि सायंकाळीं साडेसहाचा, संपूर्ण. चारच्या खेळांतून गाळावें असें जें वाटलें तें जनावरांच्या कत्तलीचें दृश्य होतें. माणसांना उंदरांच्या झुंडींच्या पंक्तीस बसविणारा भाग नव्हे.